सुभाषच्या खांद्यावरचा हात

सुभाष, तुझ्या फ्लेक्सचं काम माझ्याकडे दिलं ही घरच्यांची चूक होती, आणि ते आपण फार छान केलं असं समजून मी घरी येऊन चहा मागितला ही माझी.

मरणाच्या घरात प्रत्येक माणसाला काही ना काही काम देतात, म्हणजे तो मधे मधे येत नाही. कोणी मंडपवाल्याकडे गेलं, कोणी गावाकडच्यांना फोन लावत बसलं. मला तुझा फोटो शोधून फ्लेक्स करून आणायला उधन्याला पिटाळलं. फोटो चाळताना कळलं की तू हसतोयस असा फोटो एकच आहे. बाकी सगळ्यांत तू आधार कार्ड काढायला बसल्यासारखा. त्या एका फोटोत मात्र डोक्याला फेटा, तोंडभर हसू, दाढेत भरलेली चांदीसुद्धा दिसतेय. शेजारी तो उभा होता. "यांना काढून टाका," मी दुकानदाराला सांगितलं. त्यानं काढलं, मागे निळं आकाश आणि पांढरे ढग लावले आणि मला मोबाइलवर दाखवलं. मी तुझं हसू बघितलं, डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्यातूनच "छापा" म्हणालो.

गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स चढलं तेव्हा तुझ्या डाव्या खांद्यावर एक हात होता. नुसता हात. बोटाबोटात अंगठी, मनगटात जाडजूड कडं. मोबाइलवर तो मला दिसलाच नव्हता, फ्लेक्सवर परातीएवढा झाला होता. ढगांतून आल्यासारखा. लोक आधी तुला हात जोडायचे, मग त्या हाताकडे बघायचे, मग एकमेकांकडे. कोणाचा, हे आपल्या गल्लीत कोणाला विचारावं लागलं नाही. शेजारच्या पंडितभाऊंनी तोडगा काढला, हातावर हार टाकू. घाईत हार मिळाला तो झेंडूचा. मग तर विचारूच नकोस.

तुला सांगायची गरज नाही, पण हे आणखी कोणी वाचेल म्हणून सांगतो. त्याचं खरं नाव मी लिहीत नाही, प्रकरण कोर्टात आहे आणि मी पापड मोडला तरी दचकणारा माणूस आहे. आपण सगळे त्याला झेंडूभाऊ म्हणायचो. गळ्यात झेंडूची माळ घालून तो अहिराणी गाणी म्हणायचा, मधे मधे नकला करायचा आणि धुळ्या-जळगावापासून इथं सुरतेत लिंबायत-बमरोलीपर्यंत त्याच्या गाण्याशिवाय कोणाला हळद लागत नव्हती. होळीच्या सुमाराला त्याच्या पार्टीत नाचणारी एक मुलगी मोबाइलसमोर बसली आणि कार्यक्रम संपल्यावर लॉजवर काय चालायचं ते तिनं सांगितलं. तोंड झाकलं नव्हतं. मग दुसरी बोलली. मग तिसरी. तिथून पुढे आपल्याकडे कोणी पाऊस, भाव, लग्न यांच्याबद्दल बोललंच नाही. समाजाच्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाच्या फुलाखाली शिव्या.

आणि सुभाष, तुझ्या दारावर बसायला आलेली माणसंसुद्धा त्याच्याबद्दलच बोलत होती. दारावर यायचं, चार शब्द गेलेल्या माणसाचे बोलायचे, पाणी पिऊन जायचं, ही आपली रीत. पण येताना सगळ्यांनी फ्लेक्स बघितलेलं. कोणी म्हणे, बायकांना पुढे करून कोणीतरी पैसे उकळतंय. कोणी म्हणे, एक खोटं बोलेल, तिघी कशा बोलतील. पंडितभाऊ म्हणाले, "मोठा मानूस खाली पाडाले लोके टपेलच ऱ्हातस." एक म्हातारी, कोणाची कोण मला अजून माहीत नाही, कोपऱ्यातून म्हणाली, "मोठा मानूसखाले कोन दाबायनं, ते बी देखा ना भाऊ." मग सगळे खाली बघायला लागले. मी मधे बसून दोन्हीकडे मान हलवत होतो, तशी मी आयुष्यभर हलवत आलोय. मला सारखं वाटत होतं, कोणीतरी तुझ्याबद्दल बोला. याला लूमचा आवाज ऐकून कुठला भाग ढिला झालाय ते कळायचं, हे बोला. हा बटाट्याची भाजी पोळीत गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवायचा, हे बोला. कोणी बोललं नाही. आणि मीही नाही. कारण मी बोलायला लागलो की आपल्या घरचे लोक गालातल्या गालात हसतात.

त्याला कारण तूच. निदान अर्धा तरी.

अमळनेरहून मी सुरतेला उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी होती आणि तिच्यात आईनं दिलेल्या कळण्याच्या भाकरी. तू तुझ्या खोलीत मला जागा दिलीस. त्या खोलीत आधीच इतकी माणसं झोपायची, की कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून ठरवावं लागायचं. लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, पहिल्या आठवड्यात माझं डोकं भणभणलं, मी पळून जायला निघालो, तर तू स्टेशनपर्यंत बरोबर आलास, तिकिटाच्या रांगेत माझ्यामागे उभा राहिलास आणि म्हणालास, "जाय. पन मंग मनी बहीनशी लगीन कोन करी?" तोपर्यंत तुला बहीण आहे हेही मला ठाऊक नव्हतं. मी रांगेतून बाहेर आलो. लग्न झाल्यावर तू मला नावानं हाक मारणं सोडलंस आणि 'पाव्हना' म्हणायला लागलास, तेही अशा सुरात, की जसं काही मी पंचवीस वर्षं जेवायलाच थांबलोय.

तेव्हापासून मी तुझ्या गोष्टी सांगत आलो. तापीच्या पुरात तू म्हैस वाचवलीस, ही माझी गाजलेली गोष्ट. प्रत्यक्षात ती शेळी होती आणि ती स्वतःच बाहेर आली. तू फक्त काठावर उभा राहून तिला ये ये करत होतास. पण माझ्या गोष्टीत ती म्हैस झाली, पाणी छातीपर्यंत आलं, पुढे तर म्हशीच्या पाठीवर एक लहान मूलही बसलं. मयूरी, माझी लेक, मोठी झाली तशी मधेच विचारायची, "पप्पा, हे खरं की तुमचं?" आमच्या घरात तो शब्दच पडला. खरं म्हणजे खरं आणि खोटं म्हणजे 'पप्पांचं'. मग ती तुझ्याकडे वळायची. "मामा, म्हैस होती?" तू भाजी चिरत असलास तर चिरता चिरताच, मान वर न करता म्हणायचास, "व्हय. म्हैसच व्हती."

माझ्या गोष्टींना व्हय म्हणणारा जगात एकटा तू होतास.

आता भांडणाचं. ते अर्धंच राहिलंय, म्हणून लिहितोय.

त्या मुली बोलल्या तेव्हा तू झेंडूभाऊचा सुरतेतला वकीलच झालास. मला कळत होतं का ते. कानबाईच्या उत्सवात त्याचा कार्यक्रम आपल्या गल्लीत तू आणला होतास. सगळी पार्टी तुझ्या घरी वरण-बट्टी जेवली, मुलींनी तुझ्या आतल्या खोलीत कपडे बदलले आणि स्टेजवर त्यानं सगळ्यांसमोर तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हाचाच तो फोटो. खात्यात जन्मभर 'ए सुभाष, इधर आ' ऐकणाऱ्या माणसाच्या खांद्यावर. मी तुला म्हणालो, अरे, ऐकून तर घे काय म्हणतायत. तू म्हणालास, "पाव्हना, गानं येगळं, मानूस येगळा." मी म्हणालो, "मग तुझ्या घरी बट्टी खाऊन गेलं ते गाणं होतं की माणूस?" तू म्हणालास, "बट्ट्या तर तूच जास्ती खाद्या." आणि हे खरं असल्यामुळे मी त्या दिवशी हरलो.

पण मयूरी हरणाऱ्यातली नाही. ती तुझ्यावर गेलीय. आमच्याकडे सगळे जेवायला बसलो होतो, टीव्हीवर तेच चाललं होतं आणि तू घास घेता घेता म्हणालास, "इतला दिन काय तोंडमा गुळनी धरी बठेल व्हती का?" मयूरी वाढत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं.

"मामा, मी सांगितलं असतं तर मलाही हेच विचारलं असतं?"

तू हसलास. "तुनं काय मधमा?"

"माझंच मधे. लॅबमध्ये, रिक्षात, कुठं पण. मी दोन वर्षांनी सांगितलं, तर? विचारशील, इतले दिवस गप का होती?"

"तुनी नि तिनी बरोबरी नको करू."

"का नको? ती नाचते म्हणून?"

तू ताटावरून उठला नाहीस, पण जेवलाही नाहीस. माझी बायको, तुझी बहीण, दोघांकडे बघत भाताचं झाकण उघडत-लावत राहिली. मी काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही, कोणी हसलं नाही एवढं आठवतं. मयूरीनं त्यानंतर तुझ्या घरी जाणं सोडलं. गल्लीच्या दोन टोकांना दोन घरं, पण ती दूध आणायला मागच्या रस्त्यानं जायला लागली.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तू आलास. सणाला मामानं भाचीच्या पाया पडायचं, ही आपल्यातली रीत. ती पाळण्यात असल्यापासून तू ती पाळलीस. तिचे इवले पाय तू कपाळाला लावायचास आणि म्हणायचास, देवी, लूम चालू ठेव. त्या दिवशी ती ओट्यावर बसली होती. तू नेहमीसारखा वाकलास. तिनं पाय मागे घेतले. ओढून नाही, रागानं नाही, नुसते परकरात घेतले, थंडीत घेतो तसे. तू तसाच वाकलेला. मग तू आपल्या चपलेचं बक्कल नीट केलंस, जसं काही त्यासाठीच वाकला होतास, आणि उभा राहिलास. "मांडे जमनात का?" असं आत बहिणीला विचारलंस. मांडे खाल्लेस, तारीफ केलीस आणि गेलास. चपलेला बक्कल नव्हतं, सुभाष. रबरी स्लीपर होती ती.

यापुढची गोष्ट फक्त तुला आणि मला माहीत आहे, आणि तीच माझी अडचण आहे.

रविवारी कॅनॉलच्या रस्त्यावर त्या टपरीवर आपण चहाला जायचो. आखाजीनंतरचाच कुठलातरी रविवार. टपरीवाल्यानं मोबाइल बरणीला टेकवून ठेवला होता आणि त्यावर ती पहिली मुलगी बोलत होती. बाकड्यावरचे लोक तिच्या बोलण्यावर बोलत होते. एकानं तेच विचारलं, इतके दिवस कुठं होती. मला वाटलं, तू आता री ओढशील. तू काही बोलला नाहीस. बाकडं रिकामं झाल्यावर तू पेल्यात बघत म्हणालास,

"पाव्हना, त्या पोरनी माले इचारेल व्हतं."

"काय?"

"कार्यक्रमनंतर, गाडीजोडे. म्हने, काका, मी आज काकूजोडेच जपू का."

मी पेला बाकड्यावर ठेवला.

"मी म्हनं, जाय व माय, गाडी उभी शे."

एवढंच. काकूजवळ झोपू का, असं तिनं विचारलं होतं, आणि तू म्हणालास, जा बाई, गाडी उभी आहे. तू चहाचा घोट घेतलास आणि म्हणालास, "आज अद्रक जास्ती टाकेल शे." मी म्हणालो, "हो, जास्तच आहे." आपण घरी आलो.

हे मी परत परत उलटून बघतो. मला वाटतं, मी काही तरी बोलायला हवं होतं, पण काय ते मला आजही सुचत नाही. तुला तेव्हा काय माहीत असणार, अशी समजूत घालायची? ते तुझं तुलाही कळत असणारच. गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न मारत होता, तुला वाटलं पोरगी लाडात येऊन बोलतेय. कोणालाही वाटलं असतं. मलाही. आणि त्याच दिवशी संध्याकाळी पंडितभाऊंनी विषय काढला तर तू पुन्हा म्हणालास, कोर्टात काय ठरेल ते ठरेल. नुसता आवाज खाली होता. मी तुझ्याकडे बघितलं, तू समोरच्या दुकानाच्या शटरकडे. मला राग आला. मग वाटलं, जे एका बाकड्यावर बोलायला याला इतके दिवस लागले, ते हा गल्लीत उभा राहून कसं बोलेल. मग वाटलं, आणि तीच मुलगी बोलली तर आपण विचारतो, इतके दिवस का लागले. हे मी तुला पुढच्या रविवारी सांगणार होतो. पुढच्या रविवारी तू मॅचचा विषय काढलास. असे किती रविवार गेले आणि एका सकाळी तू खात्यात लूमजवळ टेकून बसलास तो उठलाच नाहीस.

मयूरी लॅबमधून तशीच आली, पांढऱ्या कोटात. तुला अंगणात ठेवलं होतं. बायका एकेक करून तुझ्या पायांवर डोकं ठेवत होत्या. ती पुढे आली, तर कोणीतरी तिला धरलं, "भाचीनं मामाच्या पाया पडू नये." ते बरोबरच होतं. मग तिला कळेना, हातांचं काय करायचं. कोटाच्या खिशात घातले, परत काढले. तुझ्या पायांशी ती तशीच उभी राहिली, लोक दोन्ही बाजूंनी जात राहिले आणि मग तुला उचललं. ती रडली नाही. घरी येऊन तिनं कोट धुतला, वाळत घातला. त्यानंतर रोज कामावर जाते, येते, जेवते, आमच्याशी नीट बोलते. तुझं नाव काढत नाही. तुझ्या बहिणीनं एकदा तुझं नाव काढलं तर ती उठून पाणी प्यायला गेली आणि नळाशी खूप वेळ उभी राहिली.

तुझी गंधमुक्ती काल झाली, सुतक फिटलं. दुपारी मंडप सुटला, लोक गेले, आम्ही घरी आलो. मयूरी ओट्यावर बसली होती, मी शेजारी बसलो. मला वाटत होतं, हिला ते सांगायला पाहिजे, आणि भीतीही वाटत होती. कारण मी सांगणार म्हणजे कोण सांगणार? शेळीची म्हैस करणारा. आयुष्यभर मी मीठ-मसाला लावत आलो, आणि जी एकच गोष्ट मला अळणी सांगायची होती, तिला व्हय म्हणायला तू नव्हतास. चहावाल्याचं लक्ष नव्हतं. वहिनी, म्हणजे तुझी बायको, गाडी निघाली तेव्हा आत भांडी घासत होत्या. ती पोरगी कुठं आहे कोण जाणे, आणि तिला तरी किती लोकांनी विचारायचं.

मी सांगितलं. टपरी, मोबाइल, तिचं विचारणं, गाडी. तू बोललास तेवढंच. मयूरी समोर बघत ऐकत होती.

"मग? मामा पुढे काय बोलला?"

"चहात आलं जास्त आहे म्हणाला."

"मग?"

"मग काही नाही."

"मी बरोबर होते, असं म्हणाला?"

इथं, सुभाष, माझ्या जिभेवर आलं होतं. एवढं सोपं होतं ते. तू म्हणालास की माझी भाची बरोबर होती, तिला सांग. तुझा आवाजही मला काढता येतो. मी म्हणालो, "नाही. तसं काही म्हणाला नाही."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी पण म्हणालो, आलं जास्त आहे."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. "पप्पा, हे खरं की तुमचं?"

"खरं."

ती उठली आणि आत गेली. दार लोटलं, कडी लावली नाही. मी तिथंच बसून राहिलो. समोरच्या घरात कोणीतरी हळदीची गाणी लावली होती. त्याचं नव्हतं, दुसऱ्याच कोणाचं होतं. मला तुझी इतकी आठवण आली, की वाटलं आत जाऊन सांगावं, पोरी, मामा रडला होता, मी विसरलो सांगायला. उठलोही. परत बसलो. माझं पहिल्यांदाच असं झालं, की गोष्ट सांगून संपली आणि मला आणखी एकट्यासारखं वाटलं.

तुझी बहीण दारात उभी होती. केव्हापासून, माहीत नाही. तिच्या हातात तुझ्या घरून आणलेलं पातेलं होतं, ते पुसत होती. मी म्हटलं, "तिला पटलं नाही बहुतेक. तुला तरी पटलं का?"

ती पातेलं पुसत राहिली. मग म्हणाली, "खरंच असणार. तुम्ही रचलं असतं, तर माझ्या भावानं त्या पोरीला घरी ठेवून घेतलं असतं."